दारमा गाड्या दोन दोन

स्वतःच्याच गाण्याचा एखाद्या गायिकेला इतका राग येत असेल, असं कुणाला सांगून पटलं नसतं. रंजिताला मात्र तो यायचा, आणि साधासुधा नाही, तळपायाची आग मस्तकात जायची. नंदुरबार स्टेशनाबाहेर रिक्षात बसावं तर रिक्षावाल्याच्या स्पीकरवर तेच गाणं. शहाद्याकडे येताना हळदीचं डीजे आडवं आलं तर त्याच्यावरही तेच. नवरदेवाचे दोस्त तोंडात रुमाल धरून रस्त्यात लोळताहेत, आणि वरून हिचाच तरुणपणचा आवाज किंचाळतोय, दारमा गाड्या दोन दोन. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, ताई, हे गाणं लागल्याशिवाय आपल्याकडे लग्नच लागत नाही. रंजिताने तोंड रस्त्याकडे फिरवलं. बोलली असती तर त्या बिचाऱ्याला उगाच ऐकून घ्यावं लागलं असतं.

रंजिता कळसाडीची. पुण्याला शिकायला गेली आणि तिथे तिने ‘फुफाटा’ नावाचा रॉक बँड काढला. अहिराणीत रॉक म्हणजे काय थट्टा आहे, असं पुण्यातले लोक म्हणत, आणि मग तेच लोक तिच्या कार्यक्रमाला घाम गाळून नाचत. ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवरचं तिचं गाणं गाजलं, एसटीवरचं गाजलं. पण सगळ्यांच्या वर गेलं ते हे दोन गाड्यांचं. त्या गाण्याने तिला नाव दिलं, घर दिलं, आणि वर्षानुवर्षं आतल्या आत जाळलं. कारण ते गाणं नाचायचं नव्हतंच मुळी. ते शीलाचं होतं.

शीला म्हणजे तिच्या शेजारच्या भिकुबाईची मुलगी. दोघी एका पाटीवर शिकल्या, एका झोक्यावर बसल्या. शीलाचं लग्न झालं तापीकाठच्या एका मोठ्या घरात, हेमकांतशी. दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हे काय कुणाला नव्याने सांगावं लागतं? पण हेमकांत तेव्हा जिल्हा परिषदेला उभा होता. घरी रोज प्रचाराची माणसं जेवायला, म्हणून सुनेला पाठवली नाही. नवव्या महिन्यात तिने चुलीपुढे बसून कार्यकर्त्यांच्या भाकरी थापल्या. शेवटी न राहवून भिकुबाईच उठून तिच्याकडे जाऊन राहिली. आणि एका दुपारी शीलाला रक्त जायला लागलं ते थांबेचना. दारात दोन गाड्या होत्या त्या घराच्या, एक जीप आणि एक सुमो. दोन्ही कर्णे बांधून गावोगाव फिरत होत्या. हेमकांतला फोन गेला. सभा आटपली की पाठवतो, म्हणाला. सभा आटपेना. मग भिकुबाईने कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, उसाच्या पाचटावर लेकीला निजवलं आणि शहाद्याला आणलं. पोटातली मुलगी वाचली. शीला गेली.

आणि हेमकांत निवडून आला. बायको गेलेला बिचारा तरुण उमेदवार म्हणून लोकांनी भरभरून मतं दिली. आता बोला.

रंजिताने तेव्हा जे गाणं लिहिलं ते लग्नातल्या गाण्याच्या चालीवर. आपल्याकडे वऱ्हाड जेवायला बसलं की मुलीकडच्या बायका गाण्यातून मुलाकडच्यांची नावं घेऊन त्यांना शिव्या घालतात. एक बाई ओळ म्हणते, बाकीच्या तीच ओळ तिच्यामागून म्हणतात, साथीला नुसत्या टाळ्या. ज्याचं नाव येईल त्याने रागवायचं नसतं. हसून हात जोडायचे आणि मुकाट्याने पुढचा घास घ्यायचा. कळसाडीत ही गाणी सांगायला भिकुबाईसारखी दुसरी बाई नव्हती. लेक गेली त्या दिवसापासून तिने ती सोडली. रंजिताने तिच्याच चालीत चार ओळी बांधल्या आणि पहिल्या ओळीत नावाची जागा मोकळी ठेवून तिला ऐकवायला गेली. भिकुबाईने ऐकलं, पदराने तोंड पुसलं आणि तिच्याकडून एक वचन घेतलं. नातीला त्या घराने ठेवून घेतलं आहे. नाव घेशील तर ते लोक मला पोरीचं तोंड बघू देणार नाहीत. तिचा पाय त्या घरात अडकलाय, तोवर नाव घ्यायचं नाही.

रंजिताने नाव घेतलं नाही. पण पुढे जे झालं ते तिच्या हातात राहिलं नाही. मुंबईच्या कंपनीतल्या एका शहाण्याने पहिल्या दोन ओळी जोरदार आहेत म्हणून पुढे आणल्या, आणि खालच्या दोन ओळींवर गिटार आणि ड्रम असे चढवले की त्यांचा जीवच गेला. उरलं काय, तर अमुकभाऊंचं घर मोठं आणि दारात गाड्या दोन. लोकांना वाटलं, ही तर श्रीमंतीची तारीफ. नावाच्या मोकळ्या जागेत डीजेवाले नवरदेवाचं नाव घालू लागले, आणि नाव आलं की नवरदेवाचा बाप खुर्चीवर चढून नोटा उडवू लागला. बाईच्या मरणावर खांद्यावर खांदे ठेवून नाचतात मेले, असं रंजिता भाग्येशपाशी म्हणायची. भाग्येश तिचा गिटारवाला, बँड फुटला तरी तिला सोडून न गेलेला.

यंदा तिच्या घशाने दगा दिला. डॉक्टरांनी किंचाळणं बंद केलं. कंपनी म्हणाली, मग जुनीच गाणी बिनविजेच्या वाद्यांवर, लोकांसमोर बसून म्हणा, तशी आता चलती आहे. रंजिता एका पायावर तयार झाली, पण तिने एकच अट घातली. हा अल्बम पुण्यामुंबईच्या सभागृहात नाही, शहाद्यात करायचा, आणि तोही आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जेव्हा गावोगावच्या लेकी माहेरी आलेल्या असतात. त्या खालच्या दोन ओळी तिला इथल्या बायकांच्या कानात घालायच्या होत्या. बाकी अल्बम चालो न चालो.

जागा दिली पुनीतने. पुनीत म्हणजे पारसमलशेठच्या कापसाच्या जिनचा सध्याचा मालक, रंजिताचा शाळेतला वर्गमित्र. उन्हाळ्यात जिन बंद असते. मोठं गोदाम, तीन भिंतींना कापसाच्या उरलेल्या गाठी लावलेल्या, त्यामुळे आवाज घुमत नाही. मुंबईहून आलेल्या रेकॉर्डिंगवाल्याने दोन टाळ्या वाजवून पाहिल्या, लोकांच्या आवाजासाठी वरून माईक टांगले आणि तो खूश झाला. पुनीत त्याहून खूश. त्याने दारापुढे मांडव घातला, आत मधोमध दोरी बांधून बायकांची बसायची बाजू वेगळी केली, पुढे सोफे मांडले. आणि मग त्याने ती गोष्ट सांगितली, जशी काही मोठी भेटच आणली आहे. जनरेटर आणि खुर्च्या हेमकांतभाऊंनी पाठवल्या आहेत. प्रमुख पाहुणेही तेच.

 पुनीतला शीलाची गोष्ट माहीत नव्हती असं नाही. गावातल्या सगळ्यांना माहीत होती तशीच त्यालाही होती, म्हणजे विसरण्याइतपत. रंजिता म्हणाली, तू माणूस आहेस की कोण आहेस? तो म्हणाला, अगं इतकी वर्षं झाली, आणि आता ते पतसंस्थेचे चेअरमन आहेत, त्यांना टाळून शहाद्यात कार्यक्रम कसा करणार. व्यापाऱ्याचं गणित होतं ते, त्यात कुणाची लेक बसत नव्हती. रंजिताने भाग्येशला सांगितलं, सामान बांध. मग तिला बायकांच्या बाजूला भिकुबाई येऊन बसलेली दिसली. आणि तिच्या शेजारी, तिचा हात आपल्या मांडीवर घेऊन बसलेली रुपा.

रुपा म्हणजे शीलाची ती वाचलेली मुलगी. आता नंदुरबारला कॉलेजात होती, वसतिगृहात राहत होती, आणि आखाजीला आपल्या मनाने आजीकडे येऊन राहिली होती. आई कशी गेली म्हणून विचारलं की तिला घरात एकच उत्तर मिळे, डॉक्टरचं चुकलं. सगळी चूक त्या डॉक्टरवर टाकून ते घर मोकळं झालं होतं. दोन गाड्यांचं गाणं तर तिचं लाडकं. रंजितामावशीचं गाणं म्हणून तिने मैत्रिणींना ऐकवलेलं, त्यावर नाचलेली. आदल्या दिवशी गावी भेटली तेव्हा तिने रंजिताला मिठी मारून सांगितलं होतं, मावशी, ते नक्की म्हण. रंजिताने सामान पुन्हा सोडलं. म्हणायचं, पण नावाची जागा नेहमीप्रमाणे मोकळी ठेवायची, एवढं तिने ठरवलं.

संध्याकाळी गोदाम भरलं. पोरं शिट्ट्या मारायच्या तयारीने आली होती. रंजिता स्टुलावर बसली, भाग्येश शेजारी, आणि दोघांच्यामध्ये एक लाकडी खोका तालाला. तिने ट्रॅक्टरचं गाणं असं काही संथ घेतलं की ऊस भरून दमलेला माणूस पेंगताना ऐकू यावा. पोरं गोंधळली. एकाने मागून बेस वाढवायला सांगितलं, त्याला त्याच्या आईनेच गप्प केलं. एसटीचं गाणं तिने जवळजवळ बोलूनच दाखवलं, आणि सासरी निघालेल्या मुलीची ती ओळ आली तेव्हा बायकांच्या बाजूला दोनतीन पदर डोळ्यांशी गेले. हीच गाणी ना ही, असं एकमेकींना विचारत होत्या. रंजिताचा राग थोडा निवला. लोक बहिरे नव्हते तर. त्यांना कुणी ऐकू दिलं नव्हतं.

मग हेमकांत आला. उशिरा येणं हा मोठेपणा असतो, तसा आला, पांढऱ्या कडक कपड्यांत, मागे सातआठ माणसं. चालू गाणं तोडून पुनीतने सत्कार घेतला. शाल, नारळ, टोपी. रेकॉर्डिंगवाला कपाळाला हात लावून बसला, इथे जिवंत रेकॉर्डिंगमध्ये सत्कारही येतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. हेमकांतने माईक घेतला आणि आपल्या मातीची लेक, आपल्या मातीचा अभिमान असं बरंच बोलला. शीलाच्या मैत्रिणीसमोर, शीलाच्या आईसमोर उभं राहून बोलला, आणि त्याची जीभ एकदाही अडखळली नाही.  बोलणं संपवून बसता बसता त्याने शेवटची मागणी केली.

“ताई, आते ते गाड्यासनं गानं व्हवू द्या. आनि आज त्यामा आमनं नाव टाका. सगळासनं टाकतस, आमनं कधी नही टाकं.”

पोरांनी शिट्ट्या मारल्या. पुनीत टाळ्या वाजवत होता. रंजिताला क्षणभर कळेचना, हा माणूस मुद्दाम करतोय की काय. मग लक्षात आलं, नाही. याने ते गाणं शंभर लग्नांत ऐकलं, शंभर वेळा त्यावर हात वर केले, आणि तिसरी ओळ त्याच्या कानापर्यंत कधी गेलीच नाही. इतक्या वर्षांत त्याला एकदाही वाटलं नाही की दोन गाड्या म्हणजे कुठल्या दोन गाड्या. तिला आयुष्यात इतका संताप कधी आला नव्हता, त्याने जाणून अपमान केला असता तरी आला नसता.

पण वचन होतं. तिने बायकांच्या बाजूला पाहिलं. भिकुबाई जागेवर बसून होती, रुपाचा हात तसाच हातात. सगळ्या बायका एकदा रंजिताकडे आणि एकदा भिकुबाईकडे बघत होत्या, कारण बायकांना ठाऊक होतं. त्या पिढीतली एकही विसरली नव्हती. भिकुबाईने नातीकडे पाहिलं. पोर आता वसतिगृहात राहत होती, आपल्या पायांनी आजीकडे आली होती. मग तिने तिचा हात सोडला आणि माईक नसतानाही मागच्या गाठीपर्यंत जाईल अशा आवाजात बोलली.

“ले वं बेटा. तो सोता नाव मांगी ऱ्हायना, ते ले.”

आणि मोकळ्या झालेल्या दोन्ही हातांनी तिने टाळी धरली. लग्नाच्या पंगतीतली टाळी, जी तिने लेकीबरोबर पुरली होती. रंजिताने भाग्येशला खूण केली, तू थांब. गिटार नको. खोक्यावरचा हातही थांबला. शेजारच्या दोघींनी टाळी उचलली, मग मागच्यांनी. रंजिताने पहिली ओळ साध्या, उघड्या आवाजात सोडली.

“हेमकांतभाऊनं घर मोठं वं माय.”

बायकांनी रीतीप्रमाणे ओळ मागे म्हटली. हेमकांत उठून उभा राहिला, हसत, हात जोडून, चारी बाजूंना वळून. त्याच्या माणसांनी नाव आलं म्हणून आरोळी दिली.

“दारमा गाड्या दोन दोन.”

तीही ओळ गोदामाने मागे म्हटली, पोरांनीसुद्धा, कारण ती त्यांना पाठ होती. पोरं इथपर्यंतच शिकली होती. आता ड्रम येणार म्हणून त्यांनी हात वर केले. ड्रम आला नाही.

“गाड्या गयात मतं मांगाले.”

ओघात बायकांनी हीसुद्धा म्हटली. म्हणून झाल्यावर आपण काय म्हटलं ते त्यांना कळलं. हेमकांत अजून हसत होता. हात जोडलेले होते, चेहरा पोरांकडे होता, कारण त्याला शब्द ऐकायची सवयच नव्हती. त्याच्यामागच्या एका माणसाचं हसू मात्र गेलं आणि त्याने त्याची बाही ओढली.

“सूनले नेवाले नही कोन.”

ही ओळ मागून म्हणायला आधी कुणी धजलं नाही. माहेरवाशिणींनी खाली पाहिलं. त्यांच्यातल्या कितीजणींचे नवरे, सासरे त्याच पतसंस्थेच्या दारात उभे राहत होते. मग भिकुबाईने ती एकटीने म्हटली. म्हातारीच्या आवाजात काही सूर उरला नव्हता, पण शब्द एकूण एक उरले होते. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा शेजारच्या दोघी होत्या. तिसऱ्यांदा सगळी बाजू होती, आणि त्या बायका गात नव्हत्या, त्या माणसाला तोंडावर सांगत होत्या.

हेमकांतचे हात सुटले. शाल खांद्यावरून घसरली ती त्याने उचलली नाही. हे काय चाललंय म्हणून त्याने पुनीतकडे पाहिलं, आणि पुनीत रेकॉर्डिंगवाल्याकडे धावला, बंद करा, बंद करा म्हणत. रेकॉर्डिंगवाला मुंबईचा, त्याला कुणाचं काय ठाऊक. त्याने रंजिताकडे पाहिलं. रंजिताने मान हलवली. त्याने हात यंत्रापासून दूर घेतला.

“बंद करा ते,” हेमकांत म्हणाला. “ताई, हाई बरं नही. मन्ही बदनामी करी ऱ्हायनी तू.”

“तुम्हीच नाव मांगं, दाजी,” रंजिता म्हणाली. “गानामा नाव उनं ते रागवानं नही ऱ्हास. हात जोडाना ऱ्हास.”

इतकी वर्षं तिने हे वाक्य बोलण्याची स्वप्नं पाहिली होती, निरनिराळ्या तऱ्हांनी, निरनिराळ्या सभागृहांत. बोलून झालं तेव्हा तिला आनंद झाला नाही, कारण रुपा उठून उभी राहिली होती. मधल्या दोरीखालून वाकून ती पुरुषांच्या बाजूला आली आणि बापाच्या समोर येऊन थांबली. ती रडत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर शीलाचा राग जसाच्या तसा होता, शाळेत गणित चुकीचं शिकवलं की मास्तरांना उभं राहून विचारायची तो. रंजिताला वाटलं, उठून पोरीला जवळ घ्यावं. पण भिकुबाई जागची हलली नव्हती, म्हणून तीही हलली नाही.

“पप्पा,” रुपा म्हणाली, “मी व्हयनू त्या दिनले आपल्या गाड्या कोठे व्हत्यात?”

हेमकांतने आधी मागच्या माणसांकडे पाहिलं, मग दाराकडे. घर चाल बेटा, घरी बोलू, असं हळू म्हणाला. ती नाही म्हणाली. इथेच सांगा, म्हणाली. टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. हजारदोन हजार सभांमध्ये उत्तर देत आलेला माणूस तो. एवढ्या लोकांपुढे प्रश्न आला की गप्प राहायचं नसतं, हे त्याच्या अंगात मुरलेलं. त्याने घसा खाकरला आणि उत्तर दिलं.

“मीटिंग व्हती, बेटा.”

रेकॉर्डिंगचा माईक त्याच्या डोक्यावरच टांगलेला होता.  रुपा वळली, दोरीखालून परत गेली आणि आजीजवळ जाऊन बसली.